सुनंदाचा कप कुठला?

वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली की किस्से आपोआप जमतात हो, वहीत लिहून ठेवावे लागत नाहीत! आमची शाळा डिचोली तालुक्यातली. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. आमचे हेडसर समतेवर बोलण्यात एक्सपर्ट. तासभर सहज!

एकदा असंच भाषण रंगलं होतं. "माणसं सगळी सारखी!" म्हणत सरांनी टेबलावर हात आपटला. आमची शिपाईण सुनंदा पाणी घेऊन आली होती. टाळ्या ऐकून ती मागच्या खुर्चीवर टेकली. सर माइकवरूनच म्हणाले, "सुनंदा, खुर्च्या स्टाफसाठी आहेत गो!"

महिला दिनाचं तर विचारूच नका. "आज बायकांनी कामाला हात लावायचा नाही!" सरांनी जाहीर केलं. आम्ही चौघी टीचर खूश. लगेच पुढे, "पाहुणे अकराला येतात, त्याआधी भाजी-पाव तेवढा करून ठेवा." सत्कार घेताना माझ्या हातांना कांद्याचा वास येत होता.

सुनंदाच्या कपाचं मात्र मला कधी हसू आलं नाही. तिची जात वेगळी म्हणून कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. चहा ती करायची, आमचे कप ती धुवायची आणि स्वतः प्यायची व्हरांड्यात उभी राहून. एकदा म्हणाली, "बाई, रिटायर होण्याआधी एक दिवस तुमच्यावांगडा बसान चाय पिवची आसा." आमच्याबरोबर बसून चहा, एवढंच मागणं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मीही गप्पच होते ना!

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून सहा कप आणले, सगळे एकसारखे, आणि जुने फेकून दिले. सर ट्रेकडे बघतच राहिले.

"यातला सुनंदाचा कुठला?"

"कोण जाणे!" मी म्हटलं.

तीन दिवस सरांनी चहाच घेतला नाही. डोकं धरून बसायचे. चौथ्या दिवशी घरून स्वतःचा कप घेऊन आले, निळ्या फुलांचा. सुनंदाला बजावलं, "हा माझा. यात दुसऱ्या कोणी प्यायचं नाही!"

"होय सर."

मधल्या सुट्टीत मी सुनंदाला हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं. तेवढ्यात सर आले.

"माझा कप कुठाय गो?"

"खिडकीत ठेवलाय, सर."

"खिडकीत? तिथे? थंय कित्याक?"

सुनंदानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, निवांत घोट घेतला.

"वेगळो कप आपल्या शाळेत थंयच ठेवतत मा!"