रपट्याचे दगड

बंडीचं उजवं चाक नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे पुरात बुडणाऱ्या ठेंगण्या फरशीपुलावरून, घसरलं आणि चौथीतल्या आम्ही सगळ्या पोरी एकमेकींवर कोसळलो. गढूळ पाणी बैलांच्या पोटाला लागलं होतं.

गुरुजींनी आम्हाला रूळ, सिग्नल आणि पूल कसे बांधतात ते दाखवायला आर्वीला नेलं होतं. परतताना नाल्याला पूर आला होता. बंडी हाकणारा माझा काका म्हणाला, रोजचा रस्ता आहे, आणि त्यानं बैल पाण्यात घातले.

"रपट्याच्या कडेचे पांढरे दगड कुठं गेले?" गुरुजी ओरडले. "पुरात कड दिसावी म्हणून लावले होते ना ते!"

"कापसाच्या बंड्या अडत होत्या, गुरुजी. आम्हीच उपटले."

"अन् हे आता सांगून राह्यले तुम्ही?"

"तुम्ही तरी कधी इचारलं?"

कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोघं शहाणे भांडत होते. शेवटी मी ओरडले, "भांडण मंग करा, पहिले आमाले उतरवा!"

मग त्यांनी एकेकीला खांद्यावर घेऊन काठावर नेलं. काका बैल सोडायला परत गेला. डावा बैल निघाला, उजवा वाहून गेला. माणसं सगळी वाचली.