वातानुकूलित धोंडा

यंदा अधिक महिन्यात आम्ही जावयाला वाफवलेले धोंडे खाऊ घालायला घेऊन गेलो आणि धोंड्यांबरोबर जावयालाही वाफवून परत आणलं.

आता अधिक महिना म्हटला की लेकीला-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा, अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीतच आहे. आमच्या स्वातीचं लग्न गेल्या वर्षी झालं, म्हणजे अभिजितरावांचा हा पहिलाच धोंडा. घरच्या घरी छान झाला असता. पण माझ्या धाकट्या जाऊबाईंनी राहुरीत एसी हॉल घेऊन त्यांच्या जावयाचा धोंडा केला! वर निघताना मला म्हणतात, "ताई, तुमचं घरीच ना? पंखा आहे की तुमच्याकडं. बास झालं."

त्या 'बास झालं'नं माझं डोकं फिरलं. त्यांचा एसी जागेवर बसलेला, तर माझा एसी चाकांवर पळेल! मी नगरहून घरगाडी मागवली. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, ओटा, गॅस, न्हाणीघर आणि छताला एसी. त्यात बसून गारेगार भंडारदऱ्याला जायचं आणि धरणाच्या काठावर जावयाला ओवाळायचं, असा बेत. महिना संपत आलेला, हातात एकच रविवार. तो हुकला तर पुढचा धोंडा थेट तीन वर्षांनी आणि तोवर जाऊबाईंची बोलणी!

गाडीवाला गाडी द्यायला आला तेव्हा सांगत होता, "ताई, एसीचं एक ध्यानात ठेवा, गाडी चालू असताना..."

"समजलं, समजलं," मी म्हणाले. (घरात चाळणीत पडलेल्या पिठाकडं कोण बघणार? मला घाई होती.)

सकाळीच जावयाला आहेर केला. रेशमी कुर्ता, वर जॅकेट, डोक्याला फेटा. आणि बजावलं, "जावईबापू, ओवाळेपर्यंत फेटा उतरवायचा नाही बरं का. पहिला धोंडा आहे."

अभिजितराव पुण्याचे, फार सभ्य. "हो आई," म्हणाले. त्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

गाडी चालवायला आमचे हे. पुढच्या केबिनमध्ये एकटेच, दोन्ही खिडक्या उघड्या. मागे आम्ही तिघं. मी एसीचं बटण दाबलं, घर्रर्र आवाज आला आणि मी फर्मान काढलं, "खिडक्या लावा! गारवा बाहेर जाईल!"

स्वातीनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले. आणि धोंडे गरमच वाढायचे म्हणून मी गॅस पेटवून त्यावर मोदकपात्र चढवलं.

कोल्हार मागे पडलं तेव्हा स्वाती म्हणाली, "आई, मला उकडतंय."

"एसीला दम तर धरू दे! मोठी गाडी आहे, गार व्हायला वेळ लागतो."

मोदकपात्रातून वाफ निघत होती. पडदे ओले, काचा ओल्या. जावईबापूंच्या फेट्याचा गुलाबी रंग कपाळावरून नाकावर उतरायला लागला. 

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"मस्त आहे, आई," ते म्हणाले. पण बोलताना माझ्याकडं न बघता मोदकपात्राकडं बघत होते.

मी पुढच्या केबिनच्या फळीवर थापा मारून ओरडले, "अहो, एसी वाढवा!" ह्यांना काही ऐकू गेलं नाही. बाहेरचं वारं अंगावर घेत ते मोठमोठ्यानं गाणं म्हणत होते. 

शेवटी जावईबापू उठले. "आई, जरा डोक्यावर पाणी घेऊन येतो." न्हाणीघरात गेले आणि आतून किंकाळी आली! पाण्याची टाकी गाडीच्या टपावर. सकाळपासून उन्हात. ते बिचारे तसेच बाहेर आले आणि तरीही सभ्यपणे म्हणाले, "गीझरसुद्धा आहे वाटतं?"

एवढं बोलले आणि मटकन खाली बसले.

एसी गेला, मान गेला, जाऊबाई गेल्या खड्ड्यात! लेकीचा नवरा पांढराफटक पडला होता. मी आणि स्वातीनं मिळून अशी काही बोंब ठोकली की ह्यांनी संगमनेरच्या अलीकडं एका रसवंतीपाशी कचकन गाडी उभी केली.

ह्यांनी मागचं दार उघडलं तसा वाफेचा लोट त्यांच्या तोंडावर आला. "अगं, जावयाला ओवाळायचं होतं, उकडायचं नव्हतं!"

मी गाडीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तेच सांगत हुतो. गाडी चालू असताना नुसता पंखा फिरतो. एसीला गाडी उभी करून बाहेरून लाईट जोडावी लागती. तुमीच म्हनल्या, समजलं."

लाईट ना? रसवंतीत होती! मी वायर घेऊन धावले. रसवंतीच्या मावशी म्हणाल्या, "न्हाई झेपायचं बया, चरकाची मोटर हाय तिच्यावर."

"थोडाच वेळ हो!" म्हणत मी वायर खुपसली.

फट्! एसी लागला नाही, मावशींचा चरक मात्र बंद पडला, पंखा बंद पडला, शेजारचं पंक्चरचं दुकानही बंद पडलं. बाकड्यावरची गिऱ्हाईकं रिकामे ग्लास घेऊन माझ्याकडं बघायला लागली.

"आता रस कोन काढनार?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

हे गुपचूप उठले आणि हातानं चरक फिरवायला लागले. गाणं बंद झालं होतं.

मावशींनी जावयाला बाहेर लिंबाखाली नेलं. फेटा काढला, जॅकेट काढलं, कुर्ता काढला, बर्फावरचं ओलं पोतं खांद्यावर टाकलं, पाय पाण्याच्या घमेल्यात. हळूहळू रस पाजला. दोन ग्लास झाल्यावर जावईबापूंनी डोळे नीट उघडले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मनातलं बोलले, "आई, भंडारदऱ्याला नको. मी इथून हलणार नाही."

"नका हलू, बाबा," मी म्हणाले. मला तर रडूच फुटलं.

मग तिथंच धोंडा केला. निरांजन पेटवलं, बनियन आणि पोत्यातल्या जावयाला ओवाळलं, धोंडे वाढले. (इतके मऊ धोंडे आयुष्यात झाले नव्हते.) तूप आमचं, रस मावशींचा. जावई पोटभर जेवले, खळखळून हसलेसुद्धा. स्वातीनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच जाऊबाईंचं उत्तर, "अगंबाई! पोतं आहेरात दिलंत?"

निघताना मी जावयाला विचारलं, "पुढच्या धोंड्याला काय पाहिजे ते आत्ताच सांगून ठेवा."

"काही नको आई. फक्त थंडीच्या दिवसांत करा."

घरी आल्यावर पंचांगवाल्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, पुढचा अधिक महिना चैत्रात. म्हणजे पुन्हा ऊनच!

फोन ठेवला, देवाला हात जोडले आणि दुसरा फोन लावला, "जाऊबाई, तुमचा तो एसी हॉल... पुढच्या खेपेला दोघींचे जावई एकाच पंगतीला बसवायचे का?"

त्या म्हणाल्या, "बसवू की. पोतं तेवढं तुमचं आणा."