न उघडलेल्या पेट्या

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. केव्हा, तेही सांगते: गेल्या शनी अमावास्येला, भर दुपारी, आमच्या घरात पाहुण्यांची पंगत उठून सुपारी फिरत होती तेव्हा. केला आमच्या आतेभावाने, आणि जे जे हसले त्या सगळ्यांनी. घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला नेतेस, असं मला बजावण्यात आलंय. एसटीच्या थांब्याबद्दल, मुलींच्या शौचालयाबद्दल मी पत्रकं काढली तेव्हा हेच लोक ती वाटायला पुढे होते. आता घरातलं निघालं तर पत्रक वाईट?

आमचं गाव शनीचं. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, बस. चोराला देव बघून घेतो, अशी श्रद्धा. त्याच नियमाने आमच्या घरात फोनलाही कुलूप नाही. बहिणीला फोन मिळाला त्या दिवशीच आई म्हणाली होती, "ज्या घराला दार न्हाई त्या घरात फोनला कशाला आकडा?" बहिणीनेही मान डोलावली होती.

रस्त्यावर आमची रसवंती आहे. बैल लाकडी चरक फिरवतो, बाबा ऊस घालतात, आणि नेवाशाच्या कॉलेजातून आली की बहीण पेले विसळते, ऑनलाइन पैसे आले का ते तिच्या फोनवर बघते. गिऱ्हाईक नसलं की त्याच फोनवर तिचा गेम.

गेमातली मुलगी हातात काठी घेऊन घर सोडते. तिच्या गावची नदी कुणी जादूने बांधून ठेवलीय. ती सोडवायला डोंगरापलीकडच्या शहरात पोहोचायचं. वाटेत राक्षस, बोलणारी झाडं, हवेत पोहणारे मासे. मला असल्या गोष्टींचा राग. मी म्हणायचे, "खऱ्या जगात कामं पडलीत आणि तू पळून चाललीयस." ती मान वर न करता म्हणायची, "पळतीय कुठं ताई? चालतीयच तर हाय."

मग मी शेजारी बसून बघायला लागले. चांगलं ते चांगलं म्हणते. नकाशा कोरा असतो. जेवढं चालाल तेवढाच उमटतो. इकडे जा, तिकडे जा असं कुणी ढकलत नाही. नदी जवळ आली की पाण्याचा आवाज हळूहळू वाढतो, त्यावरून वाट ओळखायची. आणि त्या मुलीला कुणी विचारत नाही, एकटी कुठं निघालीस? एवढ्यासाठी मी त्या गेमाला माझे सगळे गुण देते.

वाईटही ऐका. लढाया रटाळ, तोच राक्षस रंग बदलून पुन्हा समोर. बटणं इतकी बारीक की अंगठ्याखाली राक्षसच झाकला जातो. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: ती मुलगी वाटेल त्या घरात शिरते, मडकी फोडते, पेट्या उघडते, आतलं औषध, सोनं, शस्त्रं उचलते. घरमालक शेजारी उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतो!

"ह्ये काय बरं न्हाई," बहीण म्हणाली. तिने एकाही घरातली पेटी उघडली नाही. औषध त्याच पेट्यांत, त्यामुळे गेमातली तिची मुलगी सारखी मरायची. मी म्हटलं, "अगं, खेळात उचलायचंच असतं. सगळे तसंच करतात." ती म्हणाली, "सगळ्यांच्या घरांना दारं असत्यात, ताई." दुसऱ्या कुठल्या गावातल्या पोरीने हा गेम असा खेळला असता का? वर्ष उलटून गेलं तिचं, इतरांची काही दिवसांची वाट चालताना.

आणि गेमाच्या ते लक्षात होतं! शेवटच्या शहराच्या वेशीवर एक म्हातारी उभी असते. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी ती म्हातारी बहिणीला म्हणाली, तू कुणाच्या घरातलं काही नेलं नाहीस, तुझ्यासाठी वेगळं दार आहे. बहीण फोन घेऊन माझ्याकडे धावत आली. दार उघडलं मात्र नाही. "उद्याची गर्दी होऊन जाऊ दे. दोघी मिळून बघू."

गेमाचा खरा गुन्हा आता सांगते. खेळ साठवायला त्यात एकच जागा आहे. कुणी नवा खेळ सुरू केला की जुना पुसला जातो. साधं विचारतसुद्धा नाही.

आतेभावाने चार्जिंगला लावलेला फोन उचलला आणि नवा खेळ सुरू केला. पंगत उठल्यावर मोठ्याने म्हणाला, "काय गं, पेट्या भरलेल्या हायत नुसत्या! मी आख्खं गाव साफ केलं बघ." सगळे हसले. बहिणीने फोन हातात घेतला. कोरा नकाशा. ती रडली नाही. तिने ओट्यावरचं ताट उचललं आणि घासायला बसली. मीच ओरडले. आत्या म्हणाली, "गेमच व्हता ना? का सोनं गेलं कुणाचं?" बाबा म्हणाले, "जाऊ दे. पाव्हण्यांसमोर तमाशा नको."

दुसऱ्या दिवशी रसवंतीवर रांग होती. एका गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचं सांगितलं, बाबांनी फोन उचलला. फोनने आकडा मागितला.

"ह्ये काय?"

"कुलूप," बहीण म्हणाली.

रांगेतले लोक बघायला लागले. एक म्हातारा हसला, "आरं, शनीच्या गावात कुलूप!" बाबांचा चेहरा लाल झाला. मुक्कामाला राहिलेली आत्या चरकाशेजारी उभी होती, तिने लगेच तोंड घातलं, "देवाला आव्हान देती व्हय गं? बापाच्या तोंडाला काळं फासायला निघालीस?"

बहिणीने पेला खाली ठेवला. "आत्या, काल माझं गेलं ते काय न्हवतंच म्हणलीस ना? मग ह्ये कुलूपबी काय न्हाई. काय न्हवतं त्यालाच लावलंय."

बैल थांबला होता. त्याला हाकायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. "उघड."

तिने हात पुढे केला नाही. मला वाटलं, आता बाबा फोन आपटणार. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, जरा लवकर, गाडी सुटंल."

"उघडतीस का?" बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता.

"व्हय." तिने लगेच उघडून दिला.

कुलूप अजून आहे. आत्या आमच्याशी बोलत नाही, आणि दर शनिवारी आई देवासमोर जरा जास्त वेळ उभी राहते. बहीण पुन्हा पहिल्या गावापासून निघालीय. पेट्यांना अजूनही हात लावत नाही. ते दार दिसायला पुन्हा वर्ष जाईल, कदाचित दिसणारही नाही; पुढच्या वर्षी ती इथे असेल की लग्न होऊन दुसऱ्या कुणाच्या घरात, हे आमच्या घरात तिला कुणी विचारलेलं नाही.

आता तुम्ही. हे पत्रक ज्या फोनवर वाचताय, तो तुमचाच आहे ना? आजच घरातल्या मुलीकडे जा. तिचं म्हणून जे काही आहे, फोन, कपाटाचा कप्पा, उशीखालची वही, त्याला हात लावण्याआधी तिला विचारा, तेही चार माणसांसमोर. ती नाही म्हणाली तर हात मागे घ्या. आणि हसू नका.