साइड देईन, पण जागा बघून

गेली सहा वर्षं मी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावांतून सकाळी रक्ताचे नमुने गोळा करते आणि नऊच्या आत शिरूरच्या लॅबमध्ये पोचवते. उपाशीपोटीचं रक्त म्हणजे पहाटे उठणं आलं. बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा मागच्या सीटला पट्ट्याने आवळलेला, आणि खाली शंभर सीसीची मोटारसायकल. स्कूटर घे असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण स्कूटरची चाकं लहान, आमच्याकडच्या खड्ड्यांत ती आदळते, आणि रक्त आदळलं की नमुना वाया जातो. म्हणून मोटारसायकल. बाई गिअरची गाडी चालवते म्हणून पहिले काही महिने लोक वळून बघायचे, नंतर त्यांना सवय झाली.

सवय झाली नाही ती मागच्या गाड्यांना. पारगावचा पूल ओलांडून न्हावरे, तिथून शिरूर, असा माझा रोजचा रस्ता. त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या आणि ज्यांना कायम उशीर झालेला असतो अशा चारचाक्या. मागून गाडी आली की ती माझ्या नंबरप्लेटला चिकटायची आणि हॉर्नवरचा हात काढायची नाही. मी काय करायचे? घाबरून वेग वाढवायचे, नाहीतर डांबराच्या अगदी कडेला सरकायचे. मला ते समजूतदारपणाचं वाटायचं. त्याला घाई आहे, जाऊ दे.

एका थंडीत उसाचा हंगाम जोरात होता. न्हावऱ्याच्या अलीकडे एक टेम्पो असाच मागे लागला. मी कडेला, आणखी कडेला गेले. तिथे डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर उतार होता. पुढचं चाक खाली उतरलं, गाडी आडवी झाली आणि मी कोपरावर पडले. टेम्पो थांबला नाही. मुद्दाम पाडलं असंही म्हणता येणार नाही, त्याने मला हात लावला नव्हता. जागा मीच दिली होती, पडले पण मीच.

डबा उघडून पाहिला तर तीन नळ्या फुटलेल्या. बर्फाच्या पिशव्या लाल झालेल्या. लॅबच्या मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तिघांचं पुन्हा घ्यावं लागेल." त्या तिघांत एक आबा होते, आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्यांचं.

आबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. शुगर जुनी. त्यांची शीर सापडायला मला दहा मिनिटं लागतात, रबरी पट्टा दोनदा बांधावा लागतो. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, आता मुलाच्या मळ्यात वस्तीवर राहतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाजेवर बसून पुन्हा दंड चाचपू लागले.

"काल नेलं न्हवं?" आबांनी विचारलं.

"डबा पडला, आबा."

त्यांनी माझ्या कोपराच्या पट्टीकडे पाहिलं. "डबा पडला का तू पडलीस?"

मग मी सांगितलं. टेम्पो, हॉर्न, साइडपट्टी, सगळं. सुई आत गेली, नळीत रक्त यायला लागलं, आणि आबा बोलायला लागले.

"आम्ही मेंढरं घिऊन कोकणात जायचो. दरसाल. हमरस्त्याला पहिल्यांदा मी बी मेंढरं कडंकडंनं न्यायचो. गाडीवाल्याला वाटायचं, हाय की जागा, निघंल गाडी. आन् घुसायचा. येका वर्षी चार मेंढरं गेली माझी. तवापासनं मी मधी चालाय लागलो. काठी आडवी धरून. जागाच न्हाई म्हणल्यावर कोण घुसतोय?"

"शिव्या देत असतील."

"देत्यात की. शिवीनं मेंढरू मरत न्हाई."

मी सुई काढली, कापूस दाबला. ते हसत नव्हते.

"पर पोरी, आडून बसायचं न्हाई बरं का. सपाटी आली, रुंद जागा आली, की मीच मेंढरं कडंला घ्यायचो आन् हात करायचो, जा बाबा. वाट द्यायची. कुठं द्यायची, ते आपण बघायचं. त्यानं न्हाई."

त्या दिवशीपासून मी कड सोडली. मोटारीचं उजवं चाक जिथून जातं त्या रेषेत गाडी चालवायला लागले. पहिल्या दिवशी पाठीला घाम फुटला. मागून हॉर्न आला की हात आपोआप डावीकडे वळू बघायचा, त्याला दाबून धरावं लागायचं. हळूहळू बाकीचं जमत गेलं. मागचा चिकटला की मी पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवते, म्हणजे मला एकदम ब्रेक मारावा लागत नाही आणि तो माझ्या अंगावर येत नाही. ब्रेकला नुसता पाय टेकवून मागचा दिवा दोनदा लावते. वेग वाढवत नाही. मुद्दाम कमीही करत नाही, त्याला डिवचायचं नसतं मला. आणि रस्ता रुंद झाला की इंडिकेटर देऊन डावीकडे होते आणि हात करते. बहुतेक जण निघून जातात. काही जण जाता जाता काच खाली करून बोलतात. बोलू देत.

नवऱ्याला हे पटलं नाही. तो दौंडला रेल्वेत आहे, रोज ट्रॅकवर वाकून काम करतो, पण रस्त्याची त्याला भीती. "लोकांना आडवू नकोस. एखादा डोक्याने गरम असला तर?"

"आणि कडेला पडले तेव्हा तो थंड डोक्याचा होता का?" मी म्हणाले. त्यावर त्याने ताट पुढे ओढलं.

डोक्याने गरम असलेला भेटलाच. पावसाळा नुकताच सरला होता. पुलाच्या तोंडाशी एक पांढरी मोठी गाडी मागे आली, काचा काळ्या. पुलावर समोरून ट्रॅक्टर येत होते, ओव्हरटेकला जागा नव्हती. तरी हॉर्न सुरू. आरशात नुसतं तिचं तोंड दिसत होतं, इतकी जवळ. मी रेषा सोडली नाही. पूल संपला, रुंद जागा आली, तशी मी डावीकडे झाले, हात केला. गाडी सुसाट पुढे गेली आणि शे-दोनशे फुटांवर आडवी लावून थांबली.

दार उघडलेलं मला दिसलं. मी त्याच्यापर्यंत गेले नाही. अलीकडेच दूध संकलन केंद्र आहे, तिथे सकाळी कॅन घेऊन आलेली पंधरा-वीस माणसं असतात. मी गाडी तिथे घेतली. तो चालत आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या त्याने माझ्या गाडीची चावी काढून घेतली.

"ए बाई, रस्ता काय तुझ्या नावावर हाय का?"

"नाही. तुमच्याही नाही. चावी द्या."

"कडंनं चालवता येत न्हाई तर घरी बसायचं."

"पुलावर जागा नव्हती. जागा आली तेव्हा मी दिली. चावी द्या."

लोक जमले. त्यातले बरेच त्याला ओळखत असावेत, कारण एक आप्पा पुढे होऊन मलाच म्हणाले, "जाऊ द्या ताई, सॉरी म्हणा आन् मिटवा. तुम्हाला उशीर हुतोय."

त्या क्षणी मला कोपर आठवलं नाही, आठवल्या त्या लाल झालेल्या बर्फाच्या पिशव्या. मी म्हणाले, "आप्पा, सॉरी मी म्हणणार नाही. या डब्यात अकरा माणसांचं रक्त आहे. त्यांना मी काय सांगू, एका माणसाला दोन मिनिटं दम निघाला नाही म्हणून पुन्हा सुई टोचून घ्या?"

मागून एक बाई कॅन खाली ठेवून पुढे आली. पहाटे तिच्याच घरी गेले होते मी. "माझ्या सासूचं रक्त हाय त्यात," ती त्याला म्हणाली. "चावी द्या त्यांची."

मी मोबाइल काढून त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो घेतला, त्याच्यासमोर. "चावी ठेवायची तर ठेवा. मी डबा घेऊन एसटीने जाते. चावी तुम्ही पोलिसांच्या हातात द्या."

त्याने चावी मातीत फेकली आणि गेला. त्या बाईने ती उचलून पदराला पुसून दिली. नमुने नऊला दहा मिनिटं असताना लॅबमध्ये पोचले.

मग मी शिरूरच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. मिटवून घ्या, असं तिथे आणि घरी मिळून तीन माणसांनी सांगितलं. मी अर्ज मागे घेतला नाही. चौथ्या दिवशी त्याला बोलावलं. काळ्या काचांचा दंड झाला, पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं. खाली बघत तो "सॉरी" म्हणाला. अशा वेळी बायकांच्या तोंडून आपोआप निघतं ते "असू द्या" माझ्याही जिभेवर आलं होतं. मी म्हणाले नाही.

नवरा त्या दिवशी रजा टाकून बरोबर आला होता. परत येताना तो माझ्या मागे बसला. न्हावरं सोडलं आणि एक ट्रक मागे लागला, हॉर्नवर हॉर्न. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे वळण.

"घे की कडेला," तो माझ्या खांद्यावर बोट आपटत म्हणाला.

"वळण संपल्यावर घेते."

"अगं, अगदी मागे आलाय तो."

"दिसतोय मला. तुम्ही हलू नका, गाडी डगमगते."

तो हलला नाही. वळण संपलं, मी हात केला, ट्रक गेला. पुलाजवळ आल्यावर नवऱ्याने एवढंच विचारलं, "रोज असंच असतं?"

"रोज," मी म्हणाले, आणि गिअर बदलला.