पास अवेचं वाक्य

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त होऊन म्हसवडजवळच्या आमच्या गावी स्वस्थ बसले होते. तेवढ्यात शेजारची सून वही घेऊन दारात आली. तिचा नवरा फौजेत, तिकडे सीमेवर. हिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसायचं ठरवलं होतं. अंगणवाडीत सेविकेची जागा निघणार होती, तिला बारावी पास लागतं, आणि वयाची अट संपायला हिला एकच वर्ष उरलं होतं. बाकी विषयांची तिला फिकीर नव्हती. इंग्रजीनं मात्र तिची झोप उडवली होती.

"बाई, ह्ये गिव्ह, टेक, लुक, पुट समदं ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर त्येला फुडं शेपूट लागलं की वळखूच येत न्हाई."

मी माझी जुनी, पोरांकडून घोकून घ्यायची यादी काढली. तिनं ती बघितली, बाजूला ठेवली आणि आपल्या पद्धतीनं कामाला लागली. लुक आफ्टर? "मागं बघणं. त्या म्हातारीच्या मागं बघाय कोण न्हाई, म्हणतो न्हवं आपण?" टेक आफ्टर? "पोरगी आईच्या वळणावर गेली." गिव्ह अप? "हात टेकलं." पुट अप विथ आलं तेव्हा सासूबाई ओसरीवर नाहीत ना, हे आधी बघून घेतलं आणि मग म्हणाली, "खपवून घेणं. ह्ये इचारूच नगा, लय येतंय मला."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी शब्दकोशातले अर्थ फळ्यावर उतरवत राहिले, आणि ही बाई प्रत्येक अर्थ स्वतःच्या घरातून काढून देत होती. मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करते.

फेब्रुवारीत तिनं परीक्षा दिली आणि निकालात इंग्रजी थोडक्यासाठी गेलं. माझा विश्वास बसेना. विचारल्यावर कळलं, वाक्यात उपयोग करायच्या प्रश्नात तिनं एक जागा कोरी सोडली होती. पास अवे. म्हणजे वारणे. हे तर तिला झोपेतसुद्धा आलं असतं.

"अर्थ येत हुता, बाई. पर वाक्यात माणूस लागतंय. कुणाचं नाव घालू?"

"कुणाचंही घाल!" मी भडकलेच. "परीक्षा आहे ती! वर्ष वाया जाईल तुझं!"

ती खाली बघत म्हणाली, "चार दीस ह्यांचा फोन आला नव्हता तवा."

माझा राग जागच्या जागी विरला. तांदळाचा डबा रिकामा झाला तरी आम्ही तांदूळ संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. मी स्वतः आजवर 'जाते' म्हणून कुणाच्या घरातून बाहेर पडलेली नाही, 'येते' म्हणूनच पडते. मग मी तिला कुठल्या तोंडानं बोलणार होते?

जुलैची फेरपरीक्षा ही तिची शेवटची संधी होती. निघताना मी तिला बजावलं, "पुन्हा तेच आलं तर माझं नाव घाल. माझं वय झालंय, मला काही होत नाही."

"आवं बाई, काय बोलताय ह्ये!" तिनं तोंडावर हात ठेवला.

आणि प्रश्न काढणाऱ्यांनी फारसे कष्ट घेतले नसावेत, तेच आलं. पेपर देऊन ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली.

"मग, मारलंस की नाही मला?"

"तुमास्नी कशी मारीन?"

"म्हणजे परत कोरं सोडलंस?" मी कपाळाला हात लावला.

"न्हाई वं. लिवलं की. माझंच लिवलं."

तिनं वहीच्या पाठीवर ते वाक्य पुन्हा लिहून माझ्यापुढं धरलं. आय पास्ड अवे लास्ट इयर. "बरूबर हाय न्हवं, बाई?" तिनं विचारलं. तिला फक्त तेवढीच काळजी होती.

पुढं ती चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला ती जागाही मिळाली. पण त्या दिवशी मी निकालाची वाट बघत बसले नाही. "बरोबर आहे," म्हटलं, तिला तिथंच पाटावर बसवलं आणि आतून मीठ-मोहऱ्या आणून तिची दृष्ट काढली.