मामांच्या जीपमधलं माझं सर्किट

मैत्रिणींनो, दौंडच्या स्टँडवरून लिहितेय.

अब्बांनी मला घरीच सोल्डरिंग शिकवलं. आज पहिल्यांदा माझं सर्किट दुसऱ्याच्या गाडीत बसलं. मामांच्या जीपची बॅटरी बारा व्होल्टची, मोबाइलच्या चार्जिंगला हवेत पाच. मधला रेग्युलेटर मी केलाय.

घरी तो नीट चालला. पण चालत्या गाडीत तापून वायर जळाली तर? जीप माणसांनी भरलेली! म्हणून शिरूरपासून मी त्याच्यावर बोट ठेवूनच बसले.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "नाडी बघतीस व्हय गं? जित्ता हाय ना?"

दौंडला मामांनी हात लावून पाहिला. "कोमट तर हाय. उतर आता, शिटा भरायच्यात."

जीप गेली. गाडी चालवताना मामा फोन उचलत नाहीत, हे माहीत असूनही मी लावतेच आहे.

आपण केलेली वस्तू पहिल्यांदा दुसऱ्याला दिल्यावर तुम्ही किती वेळाने निवांत झालात? खरं सांगा.