दोन उशांचा कापूस

ही गोष्ट माझ्या बायकोला अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणासमोर काढलेली नाही — तुमच्यासमोर काढतो आहे.

उदगीरला असताना मी एका दैनिकात ग्राहकांसाठी साप्ताहिक सदर लिहायचो. वस्तू घेताना ती कुणी केली, त्याच्या हातात काय पडलं, हे विचारा — असा त्याचा सूर. लोक बाजारात थांबवून बोलायचे. मला ते आवडायचं.

घरची कापसाची गादी दबली होती. फोमची घ्यायची नाही, गावातल्या हाताला काम द्यायचं, असं ठरवून मी ती चाँदभाई पिंजाऱ्यांकडे नेली. तिथली रीत अशी, की आपला कापूस पिंजून होईपर्यंत गिऱ्हाईक मशीनसमोर बसतं. कापूस कमीजास्त होऊ नये म्हणून. चाँदभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. माझा विश्वास आहे, मी म्हणालो. ते हसले.

"विश्वास राहू द्या साहेब, तुम्ही बसा. मागून लई बोलतात लोक."

मी बसलो नाही. मोठं मन दाखवून निघून आलो. गिऱ्हाइकाइतकीच त्या माणसालाही साक्षीदाराची गरज होती — एवढं एका बातमीदाराला कळू नये?

गादी भरून आली ती पातळ वाटली. मग मी काय केलं? चौकशी? चाँदभाईंना एक फोन? नाही. थेट सदरात लिहिलं — कारागिराला काम जरूर द्या, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या गादीतला कापूस वाटेत कमी झाला. नाव टाकलं नाही, गल्ली तेवढी लिहिली.

छापून आलं त्या सकाळी बायकोने पेपर वाचला आणि म्हणाली, "अहो, त्यातला कापूस मीच काढला होता आधी. वन्संच्या दोन उशांना." मी म्हणालो, उद्याच खुलासा देतो. तिला वाटतं, दिला.

तिसऱ्या दिवशी चाँदभाई कार्यालयात आले. हातात पेपरची घडी. शेजारचा उपसंपादक माझ्याकडे बघून पुटपुटला, "घ्या, गादी आली तुमची." दोघेतिघे हसले. चाँदभाईंनी ते ऐकलं असावं.

लग्नसराई तोंडावर होती. चार घरांनी टाकलेल्या गाद्या न पिंजताच परत नेल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही.

"नाव न्हाई टाकलं तुम्ही, खरं हाय. पण त्या गल्लीत मशीन माझीच हाय ना साहेब."

त्यांना एक ओळ हवी होती. तपासून पाहिलं, तसं काही नव्हतं — एवढीच. आणि तेव्हा मला माहीत होतं. शंका नव्हती, अंदाज नव्हता — माहीत होतं. मी म्हणालो, ज्यात नाव नाही त्याचा खुलासा छापता येत नाही, आमचा नियम आहे. असा नियम नव्हता. सदराची पत जाईल, या भीतीने मी तो तिथल्या तिथे बनवला. वर त्यांच्यासाठी चहा सांगितला. ते चहा न घेता गेले.

सदर पुढे बरीच वर्षं चाललं.

माझी बदली लातूरला झाल्यावर नव्या घरासाठी गादी घ्यायला मी एका मोठ्या दुकानात गेलो. फोमचीच घ्यायला — हो. आतून गादी खांद्यावर घेऊन चाँदभाई आले. मशीन विकून त्यांना तीन वर्षं झाली होती, हे दुकानाच्या मालकाकडून नंतर कळलं. त्यांनी गादी टेम्पोत चढवली, दोर आवळला, मला बघून कपाळाशी हात नेऊन सलाम केला. मालकाने विचारलं, साहेब ओळखीचे का?

"हाव," चाँदभाई म्हणाले. "गिऱ्हाईक होते आपले."

मी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला घराचा पत्ता सांगितला.